चार लिटरचं आंबवणं : प्रस्तावना

विदर्भात ज्येष्ठा गौरींना महालक्ष्म्या म्हणतात आणि महालक्ष्म्यांच्या जेवणाला आंबील लागतेच. पुरणपोळी झाली, सोळा भाज्यांची भाजी झाली, पडवळाची कढी झाली, तरी आंबिलीची वाटी आल्याशिवाय पान पुरं होत नाही. रिसोड तालुक्यातल्या आमच्या केनवडला ज्या घरी ती अजून रीतीने होते, तिथे आदल्या संध्याकाळी ज्वारीचं पीठ ताकात कालवून ठेवतात आणि भांड्याच्या तोंडाला फडकं बांधतात. सकाळी फडकं सोडलं की आंबूस वास येतो, पीठ फुगलेलं असतं, वर बारीक बुडबुडे धरलेले असतात. मग ते चुलीवर चढतं. पीठ किती भरड हवं, ताक किती जुनं हवं, भाद्रपदातल्या दमट हवेत किती तास पुरतात आणि थंडीत किती लागतात, हे सगळं करणाऱ्या बाईच्या हातात असतं. घरी बिअर करायला शिकणाऱ्याला जे शिकावं लागतं, त्यातलं निम्मं हेच आहे. या पुस्तकाची सुरुवात म्हणून तर आंबिलीपासून केली आहे.

पुस्तकाचे दोन भाग आहेत. पहिला ज्वारीचा: मोड आणणं, वाळवणं, भरडणं, गरम पाण्यात तिची गोडी सोडवणं आणि ती आंबवून प्यायचं पेय करणं. हा भाग केनवडच्या कोणत्याही स्वयंपाकघरात करता येतो. दुसरा भाग बिअरचा, चार-चार लिटरच्या मापाने करायचा. तो ज्यांच्या राहत्या मुलखात कायदा परवानगी देतो त्यांच्यासाठी आहे. आपल्या गावातली मुलं आता पुण्यामुंबईपुरती उरलेली नाहीत. न्यू जर्सीत, लंडनच्या आसपास, मेलबर्नमध्ये मराठी घरं आहेत आणि त्यांतल्या काही घरांत हिवाळ्यात कोपऱ्यात एखादी बरणी बुडबुडत असते.

कायद्याचं आधी स्पष्ट सांगतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६५ प्रमाणे परवान्याशिवाय मादक पेय तयार करणं गुन्हा आहे आणि ते तयार करण्यासाठी साहित्य किंवा भांडी बाळगणं हासुद्धा गुन्हा आहे. बिअर त्यातून सुटत नाही. ‘घरच्यापुरती केली’, ‘विकली नाही’ ही कारणं चालत नाहीत. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ ही छोटी बिअरभट्टी सुरू झाली आणि तिच्यामागून राज्यात तशा आणखी आल्या, पण त्या सगळ्या परवान्यावर चालतात. म्हणून केनवडच्या किंवा वाशिम जिल्ह्यातल्या वाचकाने दुसरा भाग माहितीसाठी वाचावा, हात पहिल्या भागातच घालावा. परदेशातली गोष्ट निराळी आहे. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्या बिअरला परवाना लागत नाही. अमेरिकेत अध्यक्ष कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने एका प्रौढाला वर्षाला शंभर गॅलन बिअर घरासाठी करता येते. तरी तिथल्या शेवटच्या दोन राज्यांना, अलाबामा आणि मिसिसिपीला, ती मोकळीक द्यायला २०१३ साल उजाडलं. तेव्हा जिथे राहता तिथला नियम आधी पाहा.

आता ज्वारीकडे वळतो, कारण माझा जीव तिच्यात अडकला आहे. आमच्या भागात सोयाबीनने ज्वारीला बांधापलीकडे ढकललं. पाखरं राखायला माणूस मिळत नाही, रानडुकरं उभ्या पिकात शिरतात आणि भाव म्हणावा तसा नाही. शेतकऱ्याला दोष देता येत नाही. पण ज्वारी गेली तशी तिच्याभोवतीची कसबंही गेली, आणि मोड आणलेल्या ज्वारीचं पीठ हे त्यातलं एक. नाचणीला मोड आणून सत्त्व करणं सगळ्यांना माहीत आहे. ज्वारीचंही तसंच होतं, फक्त तिला थोडी जास्त सावधगिरी लागते.

पहिली सावधगिरी दाण्याची. कृषी केंद्रातून आणलेल्या बियाण्याच्या पिशवीतला दाणा कधीही वापरू नका. त्याला बुरशीनाशक आणि कीटकनाशक चोळलेलं असतं. त्याचा गुलाबी, हिरवा, निळा रंग त्याची खूण म्हणूनच दिलेला असतो. धुऊन ते जात नाही. कीड लागू नये म्हणून पावडर लावलेली किंवा गोळ्या ठेवलेल्या कोठीतली ज्वारीही नको. दुसरं म्हणजे खरिपाची संकरित ज्वारी टाळा. १९६४ साली सीएसएच-१ आली तेव्हापासून संकरित वाणांनी उत्पन्न वाढवलं, पण कणीस भरताना पाऊस लागला की तो दाणा काळा पडतो. तो काळेपणा बुरशीचा असतो आणि ओलाव्यात मोड येताना बुरशी झपाट्याने वाढते. रब्बीची ज्वारी कोरड्या हवेत पिकते, तिचा दाणा टपोरा आणि स्वच्छ राहतो. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली जुनी मालदांडी ३५-१ मिळाली तर तीच घ्या. दाणा मागच्या हंगामाचा असावा. तीन वर्षं पोत्यात पडलेल्या ज्वारीतले बरेच दाणे मेलेले असतात आणि मेलेला दाणा मोड देत नाही, कुजतो. म्हणून किलोभर भिजवण्याआधी शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधून बघावेत. नव्वदाच्या वर दाण्यांना मोड आले तर पुढे जावं.

दुसरी सावधगिरी मोडाची. पाऊस उघडल्यावर आलेले ज्वारीचे कोवळे पोंगे खाऊन बैल किंवा शेळी दगावते, हे गुराख्याच्या पोरालाही ठाऊक असतं. त्या पोंग्यात जे विष तयार होतं, तेच दाण्याला फुटलेल्या कोंबात आणि मुळीत असतं. दाण्यात नसतं, कोंबात असतं. म्हणून मटकीसारखी मोडाची ज्वारी उसळ करून खायची नाही. मोड आले की उन्हात कडक वाळवायची, मग जाड फडक्यात घालून दोन्ही हातांनी चोळायची. वाळलेले कोंब आणि मुळ्या काडीसारख्या मोडून निघतात. सुपाने पाखडलं की खाली उरतो तो स्वच्छ, जरासा गोडसर दाणा. तोच भरडायचा, आणि भरडलेलंही शिजवूनच प्यायचं. ही पायरी कोणीही, कोणत्याही कारणाने गाळू नये.

या भागातली जी गोष्ट मला सगळ्यात आवडते, ती डोळ्यांनी पाहायची आहे. मोडाच्या ज्वारीचा भरडा गार पाण्यात कालवून अर्धा तास ठेवला की जाड भाग तळाशी बसतो, वर दुधट पाणी राहतं. ते पाणी ओगराळ्याने हलकेच काढून बाजूला ठेवायचं. तळचा जाड भाग गंजात घालून शिजवायचा, अगदी घट्ट होईपर्यंत, पळी उभी राहील इतका. मग तो निववायचा. बोट क्षणभर धरवतं पण दुसऱ्या क्षणाला ओढून घ्यावं लागतं, एवढ्या उष्णतेला बाजूचं पाणी त्यात ओतून ढवळायचं आणि गंज जुन्या चादरीत गुंडाळून ठेवायचा. अर्ध्या तासाने झाकण काढलं तर पळीला चिकटणारं ते पीठ ताकाइतकं पातळ झालेलं असतं. साखरेचा कण घातलेला नसतो, तरी चव गोड लागते.

मोड येताना दाणा आपल्याच पिठाची साखर करणारे पाचक रस तयार करतो. ते रस उकळत्या पाण्यात मरतात. पण ज्वारीचं पीठ जवापेक्षा जास्त उष्णता मिळाल्याशिवाय फुलत नाही. जवाचं पीठ साधारण साठ ते पासष्ट अंशांना फुलतं, ज्वारीला सत्तरच्या आसपास आणि वर जावं लागतं. तेवढी उष्णता सगळ्याला एकदम दिली तर रस मरतात, नाही दिली तर पीठ कच्चं राहतं. म्हणून रस वेगळे काढून ठेवायचे, पीठ शिजवायचं आणि मग दोघांची गाठ घालायची. पश्चिम आफ्रिकेत, बुर्किना फासोमध्ये, ज्वारीची ‘डोलो’ नावाची बिअर करणाऱ्या बाया पिढ्यान्‌पिढ्या असंच करतात. ज्वारी मूळची आफ्रिकेची, हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली. दक्षिण आफ्रिकेतली झोसा आणि झुलू घरांतली ‘उमकोंबोथी’ मका आणि मोडाच्या ज्वारीचीच असते, गढूळ, आंबट, आणि आंबत असतानाच प्यायची. डोलो करणाऱ्या बाया गाळ खाली बसावा म्हणून पाण्यात भेंडीच्या सालीचा चिकट रस घालतात. आपल्या गुऱ्हाळात उसाच्या रसातली मळी वर यावी म्हणून रानभेंडीचा रस घालतात, तो याच गुणासाठी. दोन खंडांतल्या माणसांनी एकमेकांना न विचारता एकाच भाजीला कामाला लावलं, हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

मोडाच्या धान्याच्या, घट्ट शिजवलेलं पीठ पातळ करण्याच्या गुणाचा आपल्या देशात एक मोठा उपयोग झालेला आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तान्ह्या बाळांच्या खिमटीवर काम केलं. खिमट घट्ट केली तर बाळाला गिळवत नाही, पातळ केली तर पोटात नुसतं पाणी जातं. मोडाच्या धान्याचं चिमूटभर पीठ गरम खिमटीत टाकलं की ती पातळ होते आणि सत्त्व मात्र तेवढंच राहतं. ज्या घरात बिअरचं नावही नको, त्या घराला पहिल्या भागातलं हे एक प्रकरण तरी उपयोगी पडेल.

आता मापाविषयी. इंग्रजी पुस्तकांत घरच्या बिअरचं माप बहुधा पाच गॅलन, म्हणजे एकोणीस लिटर धरलेलं असतं. नवशिक्याने या मापाला हात घालू नये, असं माझं ठाम मत आहे. एकोणीस लिटर उकळायला घरच्या शेगडीची ताकद पुरत नाही. ते निववायला तांब्याचं वेटोळं आणि धो धो वाहता नळ लागतो. चार लिटरचा गंज गार पाण्याच्या टपात ठेवला आणि पाणी दोनदा बदललं की अर्ध्या तासात निवतो, आणि तेच पाणी झाडांना घालता येतं. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते तिथल्या माणसाला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करायला लावावी लागली होती, ते आपल्या शेजारच्या मराठवाड्यातच.

थोड्या मापाचा खरा फायदा शिकण्याचा आहे. चार लिटर बिघडलं तर ओतून देताना हात थरथरत नाही. एकोणीस लिटर बिघडलं तर माणूस महिनाभर तेच पीत बसतो आणि स्वतःला समजावतो की चव बरी आहे. शिवाय एकाच दिवशी भरड्याचे दोन वाटे करून एकात ताक आणि दुसऱ्यात कालच्या आंबिलीचं विरजण घालता येतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहून ठेवायची. पुस्तकात प्रत्येक कृतीखाली मोकळी जागा सोडली आहे ती यासाठी.

हवेचं मात्र ऐकावंच लागतं. मे महिन्यात केनवडचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो. त्या दिवसांत ज्वारी भिजत घातली तर मोड येण्याआधी तिला उबट वास येतो. आंबील चार तासांत इतकी आंबते की दात आंबतात. दिवाळी झाली की कामाला लागावं, शिमग्याला थांबावं. घरच्या बिअरच्या नेहमीच्या यीस्टला तर अठरा ते बावीस अंशच मानवतात. पंचविसाच्या वर ते घाईघाईने काम उरकतं आणि बिअरला उग्र, घशाला लागणारी चव आणतं. ब्रिस्बेन किंवा टेक्सासमधल्या वाचकांसाठी दुसऱ्या भागात नॉर्वेतल्या ‘क्वाइक’ नावाच्या यीस्टवर स्वतंत्र प्रकरण आहे. ते शेतकऱ्यांनी घरोघरी वाळवून जपलेलं यीस्ट आहे आणि पस्तीस अंशांनाही नीट काम करतं. एवढ्या थंड देशातलं यीस्ट एवढं ऊन सोसतं, कारण तिथली शेतकरी कुटुंबं गरम रसातच ते सोडत आली.

दुसऱ्या भागातली मूळ कृती इथे थोडक्यात देतो, म्हणजे काय काय लागतं याचा अंदाज येईल. चार लिटर बिअरला मोड आणून वाळवलेल्या जवाचा नऊशे ग्रॅम भरडा, आठ-दहा ग्रॅम हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं), तीन-चार ग्रॅम कोरडं यीस्ट. भरडा सहासष्ट अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचा. तापमापक नसेल तर दोन वाटे उकळतं आणि एक वाटा साधं पाणी मिसळून त्यात भरडा घातला की जवळपास तेवढंच तापमान येतं. पाण्याचं प्रमाण किलोला तीन लिटर. गाळून आणि चोथा गरम पाण्याने धुऊन घेतलेला रस हॉप्स घालून तासभर उकळायचा, निववायचा, यीस्ट सोडायचं, झाकायचं. दोन आठवड्यांनी साडेचार टक्क्यांच्या आसपासची बिअर तयार होते. रस उकळेपर्यंत स्वच्छतेची फार चिंता नको. उकळी उतरल्यावर मात्र जे जे त्याला शिवेल, चमचा, नळी, बरणी, हात, ते ते निर्जंतुक हवं. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं. तोवर मोठमोठ्या कारखान्यांची बिअरसुद्धा अचानक नासायची आणि त्यात कोणते नको ते पाहुणे शिरलेत हे कळायला मार्ग नव्हता.

बाटली भरताना घाई करू नका. रसाची घनता दाखवणाऱ्या द्रवमापकावरचा आकडा लागोपाठ तीन दिवस तोच येईपर्यंत आंबणं संपलेलं नसतं. मगच फेस येण्यासाठी लिटरमागे सहा ग्रॅम साखर, म्हणजे चार लिटरला चोवीस ग्रॅम, काट्यावर तोलून घालायची. अंदाजपंचे घातलेली साखर बाटली फोडते आणि फुटलेल्या काचेने डोळा जातो. सरबताच्या पातळ बाटल्या अजिबात वापरू नयेत.

हे पुस्तक ज्यांना आवडणार नाही अशा बायका माझ्या गावात आहेत आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. दारूने घर बसलेलं त्यांनी पाहिलं आहे. बाटली आडवी करायला, म्हणजे गावातलं दारूचं दुकान मतदानाने बंद पाडायला, गावोगावच्या बायका सह्या गोळा करत फिरल्या, मतदानाला उभ्या राहिल्या, धमक्या सोसल्या. त्यांना मी एवढंच सांगेन की या पुस्तकात भट्टी नाही. आंबवणं आणि गाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आंबवलेल्या रसाची वाफ धरून दारू उतरवण्याबद्दल इथे एक ओळ नाही आणि कोणी विचारलं तरी मी सांगणार नाही. २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत शंभरावर माणसं मेली ती दारूत मिथेनॉल मिसळलेलं असल्याने. तसलं काही या पुस्तकात नाही. पण बिअरही दारूच आहे, तिचं व्यसन लागतं, हे दुसऱ्या भागाच्या पहिल्याच पानावर लिहिलं आहे. ज्याला थांबता येत नाही त्याने तो भाग उघडू नये.

भांड्यांबद्दल दोन शब्द. आंबट पदार्थ कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात कळकतो हे आजी सांगायची, ते शब्दशः खरं आहे. तांब्याचा अंश त्यात उतरतो. स्टील, काच किंवा चांगलं भाजलेलं मातीचं गाडगं घ्या. गाडगं एकदा ज्या कामाला लावलं त्याच कामाला ठेवा, कारण त्याच्या भिंतीत मागचं विरजण मुरलेलं असतं. पाण्यात ग्रामपंचायतीने नुकतंच टीसीएल, म्हणजे जंतू मारायची पावडर, टाकलं असेल तर ते घागरीत उघडं ठेवून दुसऱ्या दिवशी वापरा. नाहीतर विरजण मंदावतं आणि बिअरला दवाखान्याचा वास येतो. बोअरचं पाणी जड असेल तर उकळून गार करा, तळाशी पांढरा थर बसतो तो सोडून वरचं घ्या.

काम झाल्यावर गाळणीत उरलेला चोथा फेकू नका. तो शिजलेला असतो. त्याच दिवशी ढेपेत मिसळून म्हशीला घातला तर ती आवडीने खाते. रात्रभर पडलेला मात्र आंबतो, तो घालू नये. आणि पाखडून निघालेले वाळके कोंब व मुळ्या शेळ्यांपुढे टाकू नका. ते उकिरड्यात पुरा आणि वर माती लोटा.